सातरा बंद असतानाचा खोकला

आमच्या वस्तीत दवाखाना थाटून बसलेल्या माणसानं माझ्या बायकोला फसवलं. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा आजार असताना नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा, आजार सापडून औषध सुरू झालं, तेव्हा ते बंद करायला लावलं. हे मी कळमन्याच्या बाजारात चारचौघांत मोठ्या आवाजात बोललो आहे. बोललेलं हवेत जातं, म्हणून आता लिहितो आहे.

मी मिरचीचा व्यापारी. कुहीकडच्या खेड्यातून आलो तेव्हा दुसऱ्यांची पोती पाठीवर वाहत होतो. आज माझं स्वतःचं दुकान आहे आणि त्यात कोणाची मेहरबानी नाही. भिवापूरचा माल समोर आला की मी पोत्याच्या तोंडची मिरची बघत नाही. ती सगळ्यांचीच चांगली असते. मी हात कोपरापर्यंत आत घालतो, तळची मिरची ओढून काढतो, मोडतो, हुंगतो, कानाजवळ हलवून बी वाजतं का ते ऐकतो. ओल लागली तर तोंडावर सांगतो. माझ्याशी सौदा करताना लोक आधी पाणी पिऊन येतात, असं बाजारात म्हणतात. म्हणू देत.

बायको सातऱ्यावरची. सातरा म्हणजे वाळलेल्या लाल मिरचीचे देठ खुडण्याची जागा. पत्र्याखाली मिरचीचे ढीग आणि ढिगांभोवती बाया. हात जळतात, डोळे चुरचुरतात आणि सगळ्यात आधी लागतो ठसका. नवी बाई कामावर आली की जुन्या बाया हात थांबवून तिच्याकडे बघत बसतात. तिला पहिला ठसका लागला की सगळ्या हसतात आणि कोणीतरी पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून तिच्या तोंडात घालते. खडा मिळाला म्हणजे ती आपल्यातली झाली. माझ्या बायकोला तो मिळाला तेव्हा तिचं लग्नही झालं नव्हतं. पुढे माझा स्वतःचा सातरा झाला, ती मजुरांवर देखरेख करू लागली, तरी गुळाची गाठ सुटली नाही. आमच्या धंद्यात खोकला हा आजार नाहीच. तो कामाचा भाग आहे, जसं लोहाराच्या हाताला घट्टे.

म्हणून ती खोकू लागली तेव्हा कोणी मान वर केली नाही.

सातऱ्यावरच्या बाया उलट तिची मस्करी करायच्या. "काहून वं, मालकीण झाली तरी मिरची तुले सोडत नाही?"

"संसारच मिरचीवर केला वं, ते कशी सोडन मले?" ती म्हणायची आणि खोकत हसायची.

पण खोकला राहिला. पोळा झाला, दसरा झाला, तो राहिला. तिच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकू लागल्या. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. मी तिला वस्तीतल्या त्या दवाखान्यात नेलं. बाहेर चपलांचा ढीग, आत खिळ्यांना टांगलेल्या सलाईनच्या बाटल्या. त्या माणसाच्या बोलण्यात साखर आहे, हे मला कबूल करावं लागेल. दारातूनच म्हणाला, "या काकाजी, तुम्ही मिरचीवाले लोक. तुमच्या घरी कोणी खोकलत नसन तं मले बलवा, तो खरा पेशंट."

बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो. बायकोही हसली आणि हसता हसता खोकली.

त्यानं तिच्या छातीला नळी लावली की नुसती धरली, मला सांगता येणार नाही. इंजेक्शन दिलं, पुडीत गोळ्या दिल्या, म्हणाला, "ठसका आहे. छातीत मिरची बसली." आणि खरं सांगतो, तिला बरं वाटलं. दुसऱ्याच दिवशी ती दोन भाकरी जेवली. चेहरा भरल्यासारखा दिसू लागला. मी बाजारात त्या माणसाची तारीफ केली. मग पुन्हा खोकला आला, पुन्हा इंजेक्शन, पुन्हा दोन दिवस बरं. असं चालत राहिलं. प्रत्येक वेळी बरं वाटणं थोडं आखूड होत होतं आणि खोकला थोडा खोल जात होता. मला आतून काहीतरी टोचू लागलं होतं. पण त्याला नाव नव्हतं, आणि ज्याला नाव नाही त्याचा भाव कसा करायचा?

त्या दिवसांत आमच्या विहाराच्या सभागृहात रविवारी दुपारी एक वर्ग भरायचा. एक बाई यायची, पूर्वी नर्स होती. शिकवायची आरोग्याचं, पण तिची अट विचित्र होती. एकट्या माणसाला प्रवेश नाही. घरातलं म्हातारं आणि घरातलं लेकरू जोडीनं आलं पाहिजे. आमची सून हट्टानं माझ्या बायकोला आणि नातीला पाठवायची. नात चौथीत आहे, जीभ माझ्यावर गेली आहे.

एका रविवारी मी त्यांना आणायला गेलो आणि दारात उभा राहिलो.

"दादा, आत बसा," बाई म्हणाली. "दारात उभं राहून निस्त्या चपला शिकायले भेटतात."

मी बसलो. लेकरं डॉक्टर झाली होती आणि म्हातारी माणसं पेशंट. नातीनं गळ्यात टॉवेल घातला होता, त्याच्या टोकाला बाटलीचं झाकण बांधलं होतं. समोर माझी बायको.

"काय होऊन राहिलं आजीबाई?"

"ठसका आहे डॉक्टरसाहेब."

"केव्हापासून?"

"मिरची आली तेव्हापासून."

"झूठ नोको बोलू. तान्ह्या पोळ्याले माह्या लाकडी बैलाची झूल शिवून राहिली होती ना, तवा खोकलत होती. सुई टोचली होती तुले."

"हाव, तवापासून असन."

नातीनं बोटं मोडली, कपाळाला आठी घातली. "मंग दिवाळी झाली ना आता. दिवाळीचा सातरा बंद आहे. घरी मिरची नाही, काही नाही. मंग ठसका कायचा?"

लोक हसले. मग हसणं एकेका ओळीतून कमी होत गेलं, कारण शिकवणारी बाई हसत नव्हती. ती माझ्या बायकोजवळ येऊन खाली बसली. म्हणाली, खोकला दोन आठवड्यांवर राहिला की कारण कोणतंही वाटो, बेडका तपासायचा. मिरची असो, धूळ असो, विडी असो. आधी तपासायचं, मग कारण ठरवायचं.

इतके दिवस ज्यानं त्यानं या खोकल्याची वरची मूठ बघितली होती. तळाशी हात घातला तो एका चौथीतल्या पोरीनं, आणि तोही त्या बाईनं तिला विचारायला शिकवलं म्हणून.

सरकारी दवाखान्यात बेडका दिला. रिपोर्ट आला. टीबी.

तो शब्द ऐकल्यावर मला पहिली आठवली ती बायको नाही, नात आठवली. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसं झालं. नात आजीच्या कुशीत निजायची. आजीच्या ताटात जेवायची. तोंडाजवळ तोंड नेऊन तिला गाणी ऐकवायची. त्या दिवसापासून मी नातीचा प्रत्येक श्वास ऐकू लागलो. ती धावून आली आणि धापा टाकू लागली की मी तिला थांबवून तिच्या छातीला कान लावायचो. शाळेतून येऊन शिंकली तरी मी चहाचा कप खाली ठेवायचो. सुनेनं पोरीचं अंथरूण उचललं आणि दुसऱ्या खोलीत नेलं. बायकोनं ते पाहिलं. भिंतीकडे तोंड करून खोकली.

आम्हा सगळ्यांना तपासलं. नातीच्या छातीचा फोटो काढायला नेलं तेव्हा मी बाहेर बाकावर होतो. बाजारात मी आजवर कोणासमोर मान खाली घातली नाही. त्या बाकावर घातली. कोणापुढे ते माहीत नाही.

नातीचा फोटो साफ निघाला. आजार होऊ नये म्हणून तिलाही गोळ्या दिल्या. बायकोचं औषध सुरू झालं. डॉक्टरीणबाई म्हणाली, एक दिवस चुकवायचा नाही, बरं वाटलं तरी नाही. मला वाटलं, संपलं. रोग कळला, औषध मिळालं, आता फक्त दिवस काढायचे.

इथे त्या दवाखानेवाल्यानं दुसऱ्यांदा फसवलं.

झालं असं. बायकोला टीबी आहे हे वस्तीत पसरलं. त्यानंतरच्या रविवारी ती वर्गात गेली, तर शेजारच्या बाईनं आपलं लेकरू उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. बायको घरी आली आणि म्हणाली, "मी नाही जात आता तिथं." सुनेनं नातीलाही घरी ठेवलं. मी जोर केला नाही. पुढच्या रविवारी वर्गात गोळ्यांबद्दल सांगितलं गेलं, ते आमच्या घरात पोचलंच नाही. या गोळ्या सुरू झाल्या की लघवी लालसर, केशरी होते. तो औषधाचा रंग असतो, रक्त नसतं. बस, इतकंच. इतकी साधी गोष्ट. दवाखान्यात कोणी सांगितली असेल तर गर्दीत तिच्या कानावर पडली नसेल.

बायकोनं तो रंग पाहिला आणि तिला वाटलं, आतून रक्त जाऊन राहिलं. ती कोणाला सांगणार? मला सांगितलं असतं तर मी आधी ओरडलो असतो आणि मग ऐकलं असतं. तिला माझी रीत माहीत आहे. सुनेसमोर तर ती आधीच चोरासारखी वागत होती. ती गुपचूप त्याच दवाखान्यात गेली. तो गोड बोलतो ना.

आणि तो म्हणाला, "आजी, ह्या सरकारी गोळ्या लय गरम असतात. तुमचं काळीज जळून राहिलं. बंद करा. मी ताकदीचं इंजेक्शन देतो."

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. सकाळी नात पाण्याचा पेला घेऊन आजीसमोर बसायची. आजी गोळ्या तोंडात टाकायची, पाणी प्यायची आणि आंगणात तोंड धुवायला जायची. रोज. मी ते पाहून दुकानात जायचो. मनातली भीती थोडी कमी होऊ लागली होती. तिच्या गालांवर पुन्हा तसंच भरलेपण आलं होतं, आणि मी मूर्खासारखा त्यावर खूश होतो.

एक दिवस दुपारी नात शाळेच्या कपड्यांतच सुनेसोबत दुकानात आली. सून बाहेर थांबली. पोर माझ्या गादीजवळ येऊन उभी राहिली, एक मूठ मिटलेली.

"काय झालं गा माझ्या वाघाले?" मी म्हटलं. लाडात मी तिला पोरासारखंच बोलतो.

"आबाजी, तुमी आजीवर ओरडणार नाही म्हना आधी."

"काहून ओरडीन?"

"म्हना आधी."

"नाही ओरडत. सांग."

तिनं मूठ उघडली. तळहातावर मातीनं माखलेल्या गोळ्या होत्या, अर्ध्या विरघळलेल्या. "कढीपत्त्याच्या कुंडीत आहेत. लय आहेत. आजी तिथं थुकते."

पोतं खालपर्यंत सडलेलं निघालं की हाताला जे लागतं, ते मला छातीत लागलं. मी ओरडलो नाही. तिची मूठ पुन्हा मिटवली आणि उठलो.

घरी गेलो तर बायको खाटेवर बसली होती. नातीच्या मुठीकडे पाहून तिला कळलं. मी समोर जमिनीवर बसलो.

"काहून वं?"

"रक्त जात होतं जी," ती म्हणाली. "तुमाले काय सांगू? त्यानं म्हटलं, काळीज जळून राहिलं. मले वाटलं, असंही मरतो, तसंही मरतो, नातीचं लग्न पाहून तं मरू." मग नातीकडे पाहून म्हणाली, "हिच्याजवळ निजू देत नाही तुमी मले. मंग गोळ्या कोनासाठी खाऊ?"

सून दारात उभी होती. ती आत आली आणि सासूच्या पायाशी बसून रडू लागली. मला रडता येत नाही. मी उठून वर्गातल्या बाईला बोलवायला गेलो.

बाई आली ती एकटी. आमच्या घरातच वर्ग भरवला. आम्हा सगळ्यांना गोल बसवलं आणि प्रत्येकाला जे कळलं ते आपल्या शब्दांत सांगायला लावलं. ज्याला सांगता आलं नाही त्याला पुन्हा. रंग कशाचा. गोळी मधेच सोडली तर आतला जंतू कसा मुरतो आणि पुढे त्याच गोळीला कसा जुमानत नाही. औषध नीट चाललं की काही दिवसांनी आजीकडून दुसऱ्याला लागण्याची भीती कशी कमी होते. हे शेवटचं सुनेला सांगायचं होतं. ती चुकली, पुन्हा बोलली, मग बरोबर बोलली, सासूकडे बघत. माझ्या वाट्याला आलं इंजेक्शनाचं: अशा इंजेक्शनानं चार दिवस बरं वाटतं, भूक लागते, चेहरा भरतो आणि आत आजार वाढत जातो. ते सांगताना माझी जीभ अडखळली. त्या भरलेल्या चेहऱ्यावर मी खूश झालो होतो ना.

बायकोनं सगळ्यांचं ऐकलं आणि म्हणाली, "एवढंच होतं? हे मले कोनी आधी नाही सांगतलं?"

आम्ही तिला पुन्हा सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, औषधात खंड पडला आहे, आता पुन्हा बेडका तपासावा लागेल, जुन्या गोळ्या चालतात की जंतू त्यांना सरावला, ते बघावं लागेल. चालत असतील तर ठीक. नसतील तर दुसरं औषध, जास्त दिवसांचं, जास्त जड. हा तपास लवकर होत नाही, असंही म्हणाली.

तोवर बायको रोज सकाळी त्याच गोळ्या घेते. आता नात समोर बसून तिला तोंड उघडायला लावते आणि आजी जीभ बाहेर काढून दाखवते. त्यावर दोघी हसतात. मी हसत नाही. मी ऐकत असतो. ती खोकली की घाबरतो, आणि बराच वेळ खोकली नाही तरी घाबरतो. दुकानात फोन वाजला की समोरचं गिऱ्हाईक सोडून आधी तो उचलतो. रिपोर्ट अजून आलेला नाही.

मी त्या दवाखान्यात गेलो होतो. दिवसाढवळ्या, बाकावर लोक बसलेले असताना. त्यानं मला बघितलं आणि खुर्ची पुढे सरकवली. "काकाजी, बसा ना. चहा बोलावतो. जे झालं ते झालं. आजींचा इलाज मी करतो, तुमच्याकडून काही नाही घेत."

तो माझ्याशी सौदा करत होता. माझ्याशी! ज्या माणसानं तिच्या छातीचा सौदा केला, तो मला सूट देत होता.

मी म्हटलं, "तुह्या इंजेक्शनात काय होतं, ते सांग."

तो म्हणाला, "काकाजी, तुम्हाले नाही समजणार ते."

"समजाव. माह्या घरची चौथीतली पोर समजून घेते, मले बी समजन."

त्यानं बाकावरच्या लोकांकडे पाहिलं आणि आतल्या खोलीत जाऊन पडदा ओढला. लोक माझ्याकडेच बघत होते, जणू गोंधळ मी घातला. एक म्हातारा म्हणाला, "जाऊ द्या ना दादा, आमचा इलाज होऊ द्या." त्याच्या मनगटाला टेप लावून सलाईनची बाटली जोडलेली होती. त्याला कशाची बाटली लावली हे त्यानं विचारलं असेल का, आणि कोणाला? मी त्याला विचारलं, किती दिवस खोकलता? तो म्हणाला, "खोकला? तो तं वय आहे."

मी बाहेर आलो आणि तिथून सरळ तक्रार द्यायला गेलो.

तो दवाखाना आजही उघडा आहे. बाहेर चपलांचा ढीग आहे. पाटीवर नावापुढे जी अक्षरं आहेत ती खरी आहेत की नाही, हे ज्यांनी बघायचं ते त्याच रस्त्यानं जातात, आणि कोणी थांबत नाही. मी तक्रार केली आहे, ती कुठल्या टेबलावर आहे ते मला कोणी सांगत नाही.

म्हणून तुलाच इथे विचारतो, आणि पडदा ओढू नको. त्या सुईत काय होतं? तू काय शिकलास आणि कुठे? माझ्या बायकोला गोळ्या बंद कर म्हणालास ते काय बघून म्हणालास, आणि उद्या रिपोर्ट वाईट आला तर तिच्यापुढे येऊन काय सांगशील? आणि ज्यांनी तुला बसू दिलं त्यांनाही विचारतो: त्याची पाटी तुम्ही कधी वाचली? माझ्याशी भाव करू नका. ती घरी बसली आहे, वाट बघत. तिच्यासमोर येऊन उत्तर द्या.